लैंगिक अत्याचारग्रस्त स्त्रिया आणि इस्लामी विधिशास्त्र

छळ, युद्ध, दंगल किंवा सत्तेचा गैरवापर अशा परिस्थितीत लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीविषयीची इस्लामी भूमिका मुख्यतः ‘इकराह’ म्हणजे बळजबरी या विधिशास्त्रीय संकल्पनेवर आधारलेली आहे. जिच्यावर बळजबरी झाली ती स्त्री पापाची किंवा गुन्ह्याची धनी ठरत नाही, तिचा विवाह आणि तिची प्रतिष्ठा अबाधित राहते, तिच्यावर संशय घेणे हाच दंडनीय अपराध आहे आणि तिला आधार देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, ही या भूमिकेची मुख्य सूत्रे होत. कुराण, हदीस आणि आरंभीच्या खलिफांचे निर्णय यांत या सूत्रांचे आधार सापडतात. पुरावा, नुकसानभरपाई आणि गर्भपात या प्रश्नांवर मात्र निरनिराळ्या विधिपंथांत मतभेद आहेत. तत्त्व आणि सामाजिक व्यवहार यांतील अंतर हाही अभ्यासकांच्या चर्चेचा विषय राहिला आहे. महाराष्ट्राच्या संदर्भात १९४८ सालची मराठवाड्यातील हिंसा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा १९७६ सालचा निकाल आणि मुंबईत चाललेला बिल्किस बानो खटला या तीन प्रसंगांमुळे या विषयाला महत्त्व आले आहे.

संकल्पना आणि परिभाषा

इस्लामी विधिशास्त्रात (फिकह) विवाहबाह्य शरीरसंबंधाला ‘जिना’ म्हणतात. जिना हा ‘हद्द’ म्हणजे ठरावीक शिक्षेचा अपराध मानला जातो. अपराध ठरण्यासाठी कर्त्याची स्वेच्छा आवश्यक असते. ज्या व्यक्तीवर जिवाची, अवयवाची किंवा गंभीर इजेची धमकी देऊन कृत्य लादले गेले, तिला ‘मुकरह’ म्हणतात. अशा प्रकारे अत्याचार झालेल्या स्त्रीसाठी जुन्या ग्रंथांत ‘मुस्तकरहा’ हा शब्द येतो. अकराव्या शतकातील हनफी विधिज्ञ सरखसी यांच्या ‘अल्-मब्सूत’ या विस्तृत ग्रंथात बळजबरीवर स्वतंत्र प्रकरण आहे.

बळजबरीची चर्चा करताना विधिज्ञांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. मनापासूनची राजीखुशी ही एक गोष्ट आणि भीतीपोटी विरोध न करणे ही दुसरी गोष्ट. धमकी देणारा ती अमलात आणण्यास समर्थ असेल आणि धमकावलेल्या व्यक्तीला तसे होण्याची रास्त भीती वाटत असेल, तर तिने अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून तिची संमती गृहीत धरता येत नाही. आधुनिक दंडविधानातील संमतीच्या चर्चेशी हा भेद जवळचा आहे.

मक्केतील छळाचा काळ

इस्लामच्या आरंभीच्या इतिहासातच छळ सोसलेल्या स्त्रियांना आदराचे स्थान मिळालेले दिसते. मक्केत मुहंमद पैगंबरांच्या अनुयायांपैकी जे गुलाम किंवा टोळीचे संरक्षण नसलेले होते, त्यांना सर्वाधिक छळ सोसावा लागला. सुमय्या या गुलाम स्त्रीला श्रद्धा सोडण्यासाठी यातना देण्यात आल्या आणि अखेर अबू जहलने भाला खुपसून तिला ठार केले, असे परंपरा सांगते. इस्लाममधील पहिली हुतात्मा म्हणून तिचे नाव घेतले जाते. झिन्नीरा, नहदिया, लुबैना अशा छळग्रस्त गुलाम स्त्रियांना अबू बक्र यांनी मोल देऊन मुक्त केले.

सुमय्येचा मुलगा अम्मार याने यातना असह्य झाल्यावर छळणाऱ्यांना हवे तसे शब्द उच्चारले आणि नंतर तो पश्चात्तापाने व्याकूळ झाला. सोळाव्या सूरेतील १०६ वी आयत या प्रसंगाशी जोडली जाते. मन श्रद्धेवर स्थिर असेल तर बळजबरीने करवून घेतलेल्या कृतीचा दोष लागत नाही, असा तिचा आशय आहे. पुढील काळात विधिज्ञांनी हे तत्त्व सक्तीचे धर्मांतर, सक्तीची शपथ आणि लैंगिक बळजबरी यांना लागू केले. अपहरण करून जिचे धर्मांतर घडवून आणले त्या स्त्रीला पुन्हा समाजात घेताना तिच्या श्रद्धेवर शंका घेऊ नये, या मताचा आधार हाच आहे.

इ.स. ६२८ मधील हुदैबियाच्या तहानंतर मक्केहून पळून आलेल्या स्त्रियांचा प्रश्न उभा राहिला. तहानुसार मदिनेस आलेल्यांना परत पाठवणे अपेक्षित होते. साठाव्या सूरेतील १० व्या आयतीने श्रद्धा राखून आलेल्या स्त्रियांना परत पाठवण्यास मनाई केली. उकबाची मुलगी उम्म कुल्सूम ही अशा स्त्रियांपैकी एक होती. छळातून सुटून आलेल्या स्त्रीला आश्रय देण्याच्या कर्तव्याचा आधार म्हणून या आयतीचा उल्लेख केला जातो.

कुराणातील आधार

लैंगिक बळजबरीविषयी सर्वांत थेट उल्लेख चोविसाव्या सूरेतील (अन्-नूर) ३३ व्या आयतीत आहे. स्वतःच्या लाभासाठी दासींना शरीरविक्रयास भाग पाडू नये, असे तीत मालकांना बजावले आहे. ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांच्यासाठी ईश्वर क्षमाशील व दयाळू आहे, असा आयतीचा शेवट आहे. मदिनेतील अब्दुल्ला इब्न उबय्य हा आपल्या दासींवर अशी सक्ती करीत असे आणि त्या प्रसंगावरून ही आयत अवतरली, असे ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात नोंदले आहे. येथील क्षमा सक्ती करणाऱ्या मालकासाठी नसून सक्ती सोसलेल्या स्त्रियांसाठी आहे, असा अर्थ आरंभीच्या भाष्यकारांनी लावला आहे.

याच सूरेत चारित्र्यावरील खोट्या आरोपाविषयीचे नियम आहेत. स्त्रीवर व्यभिचाराचा आरोप करून चार साक्षीदार आणू न शकणाऱ्यास ८० फटके मारावेत आणि त्याची साक्ष पुढे ग्राह्य धरू नये, असे चौथी आयत सांगते. या अपराधाला ‘कझ्फ’ म्हणतात. सूरेच्या ११ व्या आयतीपासून पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्यावरील आळ आणि त्यांचे निर्दोषत्व हा विषय येतो. ऐकीव गोष्ट पसरवणाऱ्यांनाही तेथे कठोर शब्दांत दोष दिला आहे. अत्याचारग्रस्त स्त्रीविषयी कुजबुज करणे हे याच नियमाखाली येते, असे अनेक आधुनिक विद्वान प्रतिपादन करतात.

चौथ्या सूरेतील १९ व्या आयतीने स्त्रियांवर जबरदस्तीने वारसाहक्क सांगण्याची प्रथा निषिद्ध केली. त्याच सूरेतील ७५ व्या आयतीत जुलमाखाली पिचलेल्या दुर्बळ पुरुष, स्त्रिया व मुलांच्या मदतीस न जाणाऱ्यांना जाब विचारला आहे. श्रद्धावान पुरुष व स्त्रिया यांचा छळ करून पश्चात्ताप न करणाऱ्यांना पारलौकिक शिक्षेचा इशारा पंच्याऐंशीव्या सूरेतील १० व्या आयतीत आहे.

हदीस आणि खलिफांचे निर्णय

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत हदीस वाइल इब्न हुज्र यांच्याकडून आलेली असून ती तिर्मिझी व अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. नमाजासाठी निघालेल्या एका स्त्रीवर वाटेत अत्याचार झाला. तिने आरडाओरडा केल्यावर लोकांनी एका माणसाला पकडून पैगंबरांपुढे आणले. शिक्षेचा आदेश होताच खरा अपराधी पुढे आला आणि त्याने कबुली दिली. पैगंबरांनी स्त्रीला ईश्वराने क्षमा केल्याचे सांगून जाऊ दिले आणि चुकून पकडलेल्या माणसाशीही ते सौजन्याने बोलले. अपराध्याच्या शिक्षेविषयी निरनिराळ्या पाठांत फरक आढळतो. स्त्रीकडे मात्र चार साक्षीदारांची मागणी झाली नाही आणि तिला दोष दिला गेला नाही, हा मुद्दा विधिज्ञांनी महत्त्वाचा मानला आहे.

चूक, विस्मरण आणि बळजबरी यांखाली घडलेल्या कृत्यांची जबाबदारी उचलून घेतली आहे, या आशयाची हदीस इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. आपल्या कुटुंबाच्या रक्षणासाठी लढताना मरण पावणारा हुतात्मा ठरतो, असे सईद इब्न झैद यांच्या हदीसमध्ये म्हटले आहे. वडिलांनी मर्जीविरुद्ध लावून दिलेला खन्सा बिन्त खिझाम यांचा विवाह पैगंबरांनी रद्द केल्याची नोंद बुखारी यांच्या संग्रहात आहे.

दुसरे खलिफा उमर यांचे काही निर्णय पुढील विधिज्ञांना मार्गदर्शक ठरले. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये एका सरकारी गुलामाने दासीवर बळजबरी केल्याचा प्रसंग आहे. उमर यांनी त्या गुलामाला फटक्यांची व हद्दपारीची शिक्षा दिली आणि दासीवर सक्ती झाली होती म्हणून तिला शिक्षा केली नाही. हुझैल टोळीतील एका मुलीने अंगावर येणाऱ्या पुरुषाला दगड मारून ठार केले, तेव्हा त्याच्या रक्ताची भरपाई देण्यास उमर यांनी नकार दिल्याचेही नोंदले आहे. स्वसंरक्षणाच्या हक्काचा दाखला म्हणून हा निर्णय सांगितला जातो.

विधिपंथांतील मते

बळजबरी झालेल्या स्त्रीला शिक्षा नाही, यावर चारही सुन्नी पंथांचे (हनफी, मालिकी, शाफिई, हंबली) एकमत आहे. जाफरी म्हणजे शिया विधिशास्त्राचीही भूमिका हीच आहे. मतभेद आहेत ते पुढील प्रश्नांवर.

पहिला प्रश्न नुकसानभरपाईचा. उमय्या खलिफा अब्दुल मलिक इब्न मरवान याने अत्याचार करणाऱ्याने त्या स्त्रीला तिच्या मेहेराइतकी रक्कम द्यावी असा निर्णय दिल्याचे ‘मुवत्ता’त आले आहे. मालिकी, शाफिई व हंबली पंथ शिक्षेबरोबर ही रक्कमही देय मानतात. हनफी पंथानुसार हद्दची शिक्षा झाल्यास वेगळी रक्कम देय होत नाही. महाराष्ट्रात हे दोन्ही प्रवाह नांदतात. नागपूर, विदर्भ व मराठवाड्यातील सुन्नी मुस्लिम बहुसंख्येने हनफी आहेत, तर कोकणी मुस्लिम शाफिई पंथाचे आहेत.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. अविवाहित स्त्री गर्भवती आढळल्यास मालिकी पंथ गर्भ हा जिनाचा पुरावा मानतो आणि बळजबरीचा दावा करणाऱ्या स्त्रीकडून त्याला पुष्टी देणाऱ्या खुणा मागतो, उदाहरणार्थ तिने मदतीसाठी हाक मारली होती काय. उर्वरित पंथांना केवळ गर्भावरून अपराध सिद्ध होतो हे मान्य नाही. संशयाचा लाभ आरोपीला देऊन हद्द टाळावी, या सर्वमान्य नियमाचा ते आधार घेतात.

तिसरा प्रश्न अपराधाच्या वर्गीकरणाचा. बलात्कार हा जिनाचा बळजबरीचा प्रकार मानला, तर पुराव्यासाठी चार साक्षीदारांची कठोर अट पुढे येते. सेव्हिलचे मालिकी काझी अबू बक्र इब्न अल्-अरबी (मृत्यू इ.स. ११४८) यांनी वेगळा मार्ग दाखवला. प्रवासी तांड्यातून एका स्त्रीचे अपहरण करणाऱ्या टोळीवर त्यांनी ‘हिराबा’ म्हणजे दहशत माजवून केलेल्या लुटीचा अपराध लागू केला. मालाची लूट हिराबा ठरत असेल, तर शीलावरील हल्ला त्याहून गंभीर ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. अपराध हिराबा ठरल्यास लक्ष स्त्रीच्या वर्तनावरून हटून आक्रमकाच्या बळावर केंद्रित होते. त्यामुळे आधुनिक काळातील अनेक मुस्लिम विधिज्ञांनी या मताचा पुरस्कार केला आहे.

विवाह, गर्भ आणि अपत्य

विवाहित स्त्रीवर अत्याचार झाल्याने तिचा विवाह तुटत नाही. वंशाविषयी संदिग्धता राहू नये म्हणून काही काळ थांबण्याचा नियम विधिज्ञांनी सांगितला आहे, पण तो तिच्यावरील ठपका नव्हे. जन्मलेले मूल निर्दोष असते. एकाच्या कृत्याचा भार दुसऱ्यावर पडत नाही, हे तत्त्व कुराणात अनेकदा आले आहे (उदा. ६:१६४, १७:१५). अशा मुलाचा वंश आईकडून मोजला जातो आणि आई व मूल एकमेकांचे वारस होतात.

गर्भपाताबाबत गर्भधारणेपासून १२० दिवसांची मर्यादा महत्त्वाची मानली जाते. गर्भात प्राण फुंकला जाण्याच्या काळासंबंधीच्या हदीसवर ती आधारलेली आहे. या मुदतीपूर्वी सबळ कारण असल्यास अनेक हनफी विधिज्ञ परवानगी देतात. मालिकी पंथ अधिक कठोर आहे. भारतात १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने बलात्कारातून राहिलेला गर्भ हा स्त्रीच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा करणारा मानला. २०२१ च्या दुरुस्तीने अशा स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंतची मुदत दिली.

विसाव्या शतकातील प्रसंग

भारताची फाळणी

१९४७ साली पंजाब व लगतच्या प्रदेशांत सर्व धर्मांच्या हजारो स्त्रियांचे अपहरण झाले. ६ डिसेंबर १९४७ रोजी भारत व पाकिस्तान यांनी अपहृत स्त्रिया परत मिळवून देण्याचा करार केला आणि १९४९ साली भारतात त्यासाठी कायदा झाला. पुढील काही वर्षांत दोन्ही बाजूंकडून मिळून सुमारे ३०,००० स्त्रियांचा शोध लागला. मृदुला साराभाई यांच्यासमवेत या कामात अनीस किदवई यांचा सहभाग होता. त्यांचे पती शफी अहमद किदवई ऑक्टोबर १९४७ मध्ये मसुरी येथे मारले गेले. त्यानंतर त्या गांधीजींना भेटल्या आणि दिल्लीतील निर्वासितांच्या छावण्यांत काम करू लागल्या. हे अनुभव त्यांनी ‘आज़ादी की छाँव में’ या पुस्तकात लिहिले. पुढे १९५६ ते १९६८ या काळात त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या.

परतलेल्या स्त्रियांना कुटुंबांनी स्वीकारावे, त्यांना कलंकित मानू नये, असे आवाहन गांधीजींनी आणि दोन्ही देशांतील नेत्यांनी केले. मुस्लिम कुटुंबांत असा स्वीकार तुलनेने सोपा गेला, असे निरीक्षण काही अभ्यासकांनी नोंदवले आहे. मात्र अनेक स्त्रियांची इच्छा न विचारताच त्यांची रवानगी झाली, अशी टीकाही या मोहिमेवर झाली.

हैदराबाद संस्थान आणि मराठवाडा

हैदराबाद संस्थानात रझाकारांनी हिंदू जनतेवर केलेल्या अत्याचारांनंतर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली. निजामाच्या शरणागतीनंतर काही जिल्ह्यांत मुस्लिमांविरुद्ध मोठी हिंसा उसळली. भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची सद्भावना समिती पाठवली. समितीने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानातील १६ पैकी ९ जिल्ह्यांत दौरा केला. संपूर्ण संस्थानात २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेल्याचा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या चार जिल्ह्यांत हिंसेची तीव्रता सर्वाधिक होती. हत्यांबरोबरच अपहरण, बलात्कार व सक्तीचे धर्मांतर यांची नोंद समितीने केली. लातूर शहरातील सुमारे १०,००० मुस्लिमांपैकी जेमतेम ३,००० समितीला तेथे आढळले. अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला आणि २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना उपलब्ध झाला.

जीव धोक्यात घालून मुस्लिम स्त्रीपुरुषांना आसरा देणाऱ्या हिंदूंचीही दखल याच अहवालात घेतली आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या व्यवसायातील मुस्लिम विणकरांचे रक्षण केले आणि अनेक हिंदूंनी अपहृत मुस्लिम स्त्रियांना परत आणण्यास मदत केली.

बांगलादेश

१९७१ च्या मुक्तियुद्धात अत्याचारग्रस्त स्त्रियांची संख्या दोन ते चार लाख असल्याचे सांगितले जाते. अत्याचार करणारे सैन्य आणि बहुसंख्य पीडित स्त्रिया एकाच धर्माच्या होत्या. स्वतंत्र बांगलादेशाच्या सरकारने या स्त्रियांना ‘बीरांगना’ म्हणजे वीरांगना ही पदवी दिली, पुनर्वसन केंद्रे उघडली आणि तरुणांना त्यांच्याशी विवाह करण्याचे आवाहन केले. १९७२ साली सोडून दिलेल्या मुलांसाठी विशेष आदेश काढण्यात आला. प्रत्यक्षात अनेक कुटुंबांनी या स्त्रियांना नाकारले आणि सन्मानाची पदवीच त्यांची ओळख उघड करणारी खूण ठरली. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी स्वतःचा अनुभव जाहीरपणे सांगितल्यावर या मौनाला तडा गेला. २०१५ साली सरकारने बीरांगनांना स्वातंत्र्यसैनिकांचा दर्जा देण्यास सुरुवात केली.

बॉस्निया आणि अल्जीरिया

१९९२ ते १९९५ या काळातील बॉस्नियाच्या युद्धात मुस्लिम स्त्रियांवरील बलात्कार हे वंशविच्छेदाचे हत्यार बनले. या संदर्भात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना इजिप्तमध्ये जन्मलेले विद्वान युसुफ अल्-करदावी यांनी अशा स्त्रियांवर कोणताही दोष येत नसल्याचे सांगितले. समाजाने त्यांचे दुःख हलके करावे, तरुणांनी त्यांच्याशी विवाह करावा आणि गर्भ ठेवायचा नसल्यास सुरुवातीच्या काळात तो पाडण्याची त्यांना मुभा असावी, असे मत त्यांनी दिले. गर्भ ठेवणाऱ्या स्त्रीवर तो पाडण्याची सक्ती नसावी, असेही ते म्हणाले. अल्जीरियात सशस्त्र धार्मिक गटांनी पळवून नेलेल्या स्त्रियांना गर्भपाताची मुभा देणारा फतवा तेथील उच्च इस्लामी परिषदेने १९९८ साली काढला.

फोचा शहरातील अत्याचारांसंबंधी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २२ फेब्रुवारी २००१ रोजी दिलेल्या निकालात बलात्कार आणि लैंगिक गुलामगिरी हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवले. ज्या परिस्थितीत नकार देणेच अशक्य असते तेथे खरी संमती संभवत नाही, असे या निकालाने स्पष्ट केले.

भारतीय कायदा आणि नागपूर खंडपीठ

भारतात इस्लामी दंडविधान लागू नाही. भारतीय दंडसंहिता १८६२ पासून अमलात आली आणि तेव्हापासून बलात्काराचा गुन्हा सर्व धर्मीयांसाठी समान राहिला. १९३७ चा शरीयत कायदा विवाह, तलाक, वारसा अशा वैयक्तिक बाबींपुरता आहे. त्यामुळे भारतीय मुस्लिम समाजात वर वर्णिलेल्या तत्त्वांचे क्षेत्र न्यायालयाबाहेरचे असते. कुटुंबाने स्त्रीला स्वीकारणे, विवाह टिकवणे, मुलाला नाव देणे आणि मोहल्ल्यातील कुजबुज थांबवणे यांत त्यांचा उपयोग होतो. संमती आणि शरणागती यांतील भेदाचा प्रश्न मात्र भारतीय न्यायालयांपुढेही आला. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण नागपूरशी संबंधित आहे.

२६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील (आता गडचिरोली) देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. हे प्रकरण मथुरा प्रकरण म्हणून ओळखले जाते. मुलगी मुस्लिम नव्हती आणि प्रकरणाला धार्मिक संदर्भही नव्हता. १ जून १९७४ रोजी चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. पोलीस ठाण्यात, अनोळखी पोलिसांपुढे भीतीने आलेली हतबल शरणागती म्हणजे इच्छा किंवा संमती नव्हे, असे खंडपीठाने म्हटले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नसणे आणि प्रतिकाराचा पुरावा नसणे यांवर भर देऊन आरोपींना पुन्हा मुक्त केले.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमतीत शरणागती येते, पण शरणागतीत संमती असतेच असे नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. नागपुरात डॉ. सीमा साखरे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या स्त्री अत्याचारविरोधी परिषदेनेही अशा प्रश्नांवर काम केले. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नाकारल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे अशी तरतूद झाली. पीडितेची ओळख उघड करणेही गुन्हा ठरले. नागपूर खंडपीठाने केलेला भेद अशा प्रकारे विधिमंडळाच्या मार्गाने कायद्यात आला. इकराहच्या चर्चेत विधिज्ञांनी केलेला भेद याच स्वरूपाचा असला, तरी दोन्ही परंपरा स्वतंत्रपणे विकसित झाल्या आहेत.

महाराष्ट्र शासनाने २०१३ साली अत्याचारग्रस्त महिला व बालकांना अर्थसाहाय्य आणि समुपदेशन देणारी मनोधैर्य योजना सुरू केली. ती सर्व धर्मीयांना लागू आहे.

बिल्किस बानो खटला

३ मार्च २००२ रोजी गुजरातमधील दंगलीत दाहोद जिल्ह्यात जीव वाचवण्यासाठी पळणाऱ्या एका कुटुंबावर जमावाने हल्ला केला. पाच महिन्यांच्या गर्भवती असलेल्या २१ वर्षीय बिल्किस बानो यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि त्यांच्या लहान मुलीसह कुटुंबातील अनेकांची हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला आणि २००४ साली खटला मुंबईला वर्ग केला. मुंबईतील विशेष न्यायालयाने २१ जानेवारी २००८ रोजी ११ आरोपींना जन्मठेप दिली. ४ मे २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि पूर्वी सुटलेले पोलीस व डॉक्टर यांनाही दोषी ठरवले. २३ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला ५० लाख रुपये भरपाई, नोकरी व घर देण्याचा आदेश दिला. १५ ऑगस्ट २०२२ रोजी सर्व ११ जणांची मुदतपूर्व सुटका झाली. खटला महाराष्ट्रात चालला असल्याने सुटकेचा अधिकार गुजरात सरकारला नव्हता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती रद्द केली.

बिल्किस बानो यांनी आपले नाव स्वतः उघड केले. त्यांचे पती न्यायालयीन लढ्यात आणि जाहीर कार्यक्रमांत सातत्याने त्यांच्यासोबत राहिले. भरपाईतील काही रक्कम इतर अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या मदतीसाठी वापरण्याची इच्छा त्यांनी २०१९ साली व्यक्त केली.

टीका आणि मतभेद

तत्त्वतः स्त्रीला निर्दोष मानणारी व्यवस्था पुराव्याच्या नियमांमुळे तिच्यावरच उलटू शकते, ही सर्वांत महत्त्वाची टीका आहे. पाकिस्तानात १९७९ च्या हुदूद अध्यादेशांनी बलात्कार व जिना एकाच चौकटीत आणले. १९८३ साली अत्याचारातून गर्भवती झालेल्या एका अंध मुलीलाच जिनाबद्दल शिक्षा झाली. व्यापक निषेधानंतर संघीय शरीयत न्यायालयाने ती रद्द केली. २००६ च्या कायद्याने बलात्काराचा गुन्हा पुन्हा सामान्य दंडसंहितेत आणण्यात आला. पीडितेशी विवाह केल्यास अपराध्याला सूट देणारी कलमे काही मुस्लिमबहुल देशांत होती. मोरोक्कोने २०१४ साली आणि ट्युनिशिया, जॉर्डन व लेबनॉन यांनी २०१७ साली ती रद्द केली.

केसिया अली यांच्यासारख्या अभ्यासकांनी अभिजात विधिशास्त्राच्या मर्यादाही दाखवल्या आहेत. मालकाने दासीशी ठेवलेल्या संबंधांत आणि विवाहांतर्गत संबंधांत स्त्रीच्या संमतीचा प्रश्न त्या विधिशास्त्राने पुरेसा विचारात घेतला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. २०१४ साली इराकमध्ये इस्लामिक स्टेट या संघटनेने यझिदी स्त्रियांना गुलाम बनवताना जुन्या ग्रंथांचा आधार सांगितला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी संघटनेच्या प्रमुखाला खुले पत्र लिहिले. गुलामगिरीचे उच्चाटन जगभरच्या मुस्लिमांच्या एकमताने मान्य झालेले असून ती पुन्हा आणणे निषिद्ध आहे, असे त्यांनी त्यात बजावले. बळजबरीने वदवलेल्या तलाकाबाबतही मतभेद आहे. हनफी मतानुसार तो लागू होतो, इतर तीन पंथांनुसार होत नाही.

स्त्रीला निर्दोष ठरवणारे तत्त्व ग्रंथांत स्पष्ट असूनही कुटुंबाची इभ्रत, लोकलाज आणि विवाहाची चिंता यांमुळे ती मौन पत्करते, हा अनुभव बांगलादेशापासून बॉस्नियापर्यंत सर्वत्र आढळतो आणि तो एका धर्मापुरता मर्यादित नाही. त्यामुळे काझी, मौलवी व मोहल्ल्यातील ज्येष्ठ यांनी हे तत्त्व जाहीरपणे सांगणे, हा पुनर्वसनाचा भाग मानला जातो.

हेही पाहा

मथुरा प्रकरण · हैदराबाद मुक्तिसंग्राम · भारताची फाळणी · बांगलादेश मुक्तियुद्ध · फिकह